कणखरपणा रात्रपाळीत घडत नाही

छत्तीस तास सलग ड्यूटी करणाऱ्या निवासी डॉक्टरच्या हातून चूक होते, एखादा वैमानिक 'मी थकलो आहे, आज उड्डाण करणार नाही' म्हणतो, अग्निशमन दलातला अनुभवी जवान मध्येच नोकरी सोडतो, आणि वाद पेटतो. दर वेळी तो त्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, आम्ही याच्या दुप्पट सोसलं, आताची पिढी नाजूक झाली आहे. दुसरी म्हणते, कणखरपणाच्या गप्पा ही निव्वळ धूळफेक आहे, बदलायची ती व्यवस्था बदला, माणसाच्या मागे लागू नका. दोन्ही बाजूंना ताण ही एकच वस्तू वाटते. एकीला ती जास्त हवी आहे, दुसरीला कमी. वाद फसतो तो इथे. सरावात मुद्दाम दिलेला ताण आणि रोजच्या पाळीत अंगावर कोसळणारा ताण यांचं काम वेगळं आहे, परिणामही वेगळा आहे. ज्या व्यवसायांत क्षणाच्या चुकीने माणसं मरतात, तिथे प्रशिक्षण आजच्याहून कितीतरी खडतर असायला हवं आणि रोजची ड्यूटी कितीतरी झेपणारी. बहुतेक संस्थांनी नेमकी उलटी मांडणी केली आहे. प्रशिक्षण व्याख्यानं, स्लाइड आणि हजेरीच्या सहीवर उरकलं जातं. खडतरपणा सगळा राखून ठेवलेला असतो तो अपुऱ्या झोपेच्या, अपुऱ्या माणसांच्या पाळीसाठी, आणि तिथे शिकण्याचं साधन असतो खराखुरा रुग्ण.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण पहिल्या बाजूच्या तोंडी हमखास असते, आणि ती खोटी नाही. मोठ्या दडपणाखाली छाती धडधडते, हात थरथरतात, लक्ष आकसून समोरच्या एकाच गोष्टीवर खिळतं, एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी कमी होतात. त्या क्षणी कामी येतं ते हातात मुरलेलं. हे ज्याने आधी कधी अनुभवलंच नाही, तो पहिल्या खऱ्या प्रसंगी स्वतःच्या शरीरानेच गोंधळून जातो. म्हणून प्रशिक्षणातून ताणच काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण म्हणीतली टाकी पाथरवटाच्या हातात असते. तो दगडाची शीर ओळखतो, घाव किती खोल द्यायचा ते ठरवतो आणि योग्य जागी थांबतो. दरड कोसळली तरी दगडावर घाव बसतातच. त्यातून मूर्ती घडत नाही. 'आम्ही सोसलं म्हणून घडलो' म्हणणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, की त्यांना घडवलं कुणी? जागरणाने, की त्या जागरणातही शेजारी उभं राहून 'इथे चिमटा लाव, आता थांब, आता बघ' सांगणाऱ्या एखाद्या वरिष्ठाने? आणि जे त्याच जागरणात मोडले, काम सोडून गेले, त्यांची साक्ष या वादात कोण काढतो?

मोजून दिलेला ताण आणि कोसळणारा ताण यांतला फरक प्रयोगशाळेत फार पूर्वी दिसून आला आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांच्या जोड्यांवर प्रयोग केला. आजच्या नजरेतून तो क्रूर होता. जोडीतल्या दोघांना विजेचे सारखेच झटके मिळत. एकाला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येई. दुसऱ्याचा झटकाही त्याच क्षणी थांबे, पण त्याच्या हातात काहीच नसे. पुढे दोघांना अशा पेटीत ठेवलं जिथे बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिला लवकरच उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले बहुतेक जागीच पडून झटके सोसत राहिले. वेदना तितकीच, वेळ तितकाच; फरक होता नियंत्रणाचा. याला 'शिकलेली हतबलता' असं नाव पडलं आणि ते जगभर गेलं. त्यानंतरचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. मेंदूवरच्या पुढच्या अनेक वर्षांच्या संशोधनानंतर २०१६ मध्ये याच दोघांनी आपला निष्कर्ष फिरवला. लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते नियंत्रण, असं त्यांनी मांडलं. आता रात्रपाळीचा विचार करा. किती रुग्ण येतील, मदतीला कोण असेल, सुट्टी मिळेल का, चूक झाल्यावर बाजू कोण घेईल, यांपैकी काहीच ज्याच्या हातात नाही, तो त्या पाळीतून कणखरपणा शिकतो म्हणायला आधार कोणता?

दुसरा एक जुना शोध तर पहिल्या बाजूचे लोक अर्धाच उद्धृत करतात. थोडं दडपण असलं की काम सुधारतं आणि फार झालं की बिघडतं, असा तो उलट्या 'यू'च्या आकाराचा आलेख व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी दाखवला जातो. त्याचं मूळ रॉबर्ट यर्कस आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ च्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे. त्या दोघांना आढळलेली महत्त्वाची गोष्ट पुढची होती: काम जितकं अवघड, तितक्या कमी तीव्रतेचा झटका शिकण्याला पोषक. सोपं काम मोठ्या दडपणातही निभतं. बारीक फरक ओळखायचं काम निभत नाही. निदान करणं, रडारच्या पडद्यावर ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या दोन विमानांची उंची लक्षात ठेवणं, जळत्या इमारतीचं छत किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधणं ही सगळी बारीक फरक ओळखायची कामं आहेत. म्हणजे ज्या आलेखाच्या आधारे दडपणाचं समर्थन होतं, तोच या व्यवसायांपुरता सबुरीचा सल्ला देतो.

मग खडतर प्रशिक्षण दिसतं कसं? व्हिएतनाम युद्धात १९६५ ते १९६८ या काळात अमेरिकी नौदलाला हवाई लढतींत स्वतःचं एक विमान गमावून शत्रूची जेमतेम दोन-अडीच विमानं पाडता येत होती. वैमानिक घाबरट होते असं कुणी म्हणालं नाही. त्यांना जवळच्या लढतीचा सरावच नव्हता. मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर नौदलाने एक छोटी शाळा काढली. निवडक वैमानिकांना तिथे शत्रूच्या पद्धतीने उडणाऱ्या निष्णात प्रशिक्षकांशी रोज लढायला लावत, रोज हरवत, आणि प्रत्येक उड्डाणानंतर जमिनीवर बसून चूक कुठे झाली याची चिरफाड करत. १९७० नंतरच्या लढतींत नौदलाचं प्रमाण एकास बाराच्या घरात गेलं. अशी शाळा न काढलेल्या हवाई दलाचं प्रमाण दोनच्या आसपासच राहिलं. क्षेपणास्त्रं सुधारली होती, रडारवरून मिळणारं मार्गदर्शन वाढलं होतं, हेही खरं. पण तेवढ्याने ही तफावत समजत नाही. पुढे हवाई दलाच्याही ध्यानात आलं, की वैमानिक पहिल्या दहा मोहिमांत टिकला तर पुढे टिकण्याची शक्यता खूप वाढते. मग १९७५ पासून 'रेड फ्लॅग' या सरावात त्यांनी त्या पहिल्या दहा मोहिमाच नकली करून टाकल्या. त्या वैमानिकांना अर्धपोटी, अर्धझोपेत ठेवून कणखर करावं, असं या शाळा चालवणाऱ्यांच्या मनात आलं नाही. तिथला ताण कठोर होता आणि नेमका होता. रोज हरायचं, पण मरायचं नाही, आणि का हरलो हे कळल्याशिवाय उठायचं नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. त्यांचा राग मला पूर्ण समजतो. दुहेरी पाळी करून आलेल्या परिचारिकेला ध्यानाचं अॅप द्यायचं, जवानांना 'सकारात्मक राहा'चं व्याख्यान ऐकवायचं आणि रिकामी पदं रिकामीच ठेवायची, हा ढोंगीपणा आहे. मदतीच्या नावाखालचं सगळंच उपयोगी असतं असंही नाही. भयंकर प्रसंगानंतर प्रत्येकाला लगेच एका बैठकीत बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. पुढे अभ्यासांतून दिसलं, की अशा एका बैठकीने नंतरचे मानसिक आघात टळत नाहीत, काहींचा त्रास उलट वाढू शकतो. पण यावरून 'माणसाची तयारी' ही कल्पनाच मोडीत काढणं चूक आहे. व्यवस्था कितीही चांगली असली तरी एक क्षण असा येतो, की नियमांचं पुस्तक संपतं आणि माणूस उरतो.

१९ जुलै १९८९ चं युनायटेड एअरलाइन्सचं उड्डाण २३२ घ्या. शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली, तिच्या तुकड्यांनी विमानाची दिशा सांभाळणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या, आणि विमान वळवायचं कसं याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांच्या चमूने, प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला मदतीला घेऊन, उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान अमेरिकेतल्या स्यू सिटी शहरापर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, इतर वैमानिकांना हे नीट जमलं नाही. हेन्स यांनी त्याचं श्रेय पुढे वारंवार दिलं ते चमूने मिळून काम करण्याच्या प्रशिक्षणाला. त्याआधी कॅप्टन म्हणेल तेच खरं असायचं, आणि त्याने एकट्याने निर्णय घेतला असता तर आपण वाचलो नसतो, असं त्यांचं मत होतं. पण याच घटनेची दुसरी बाजू मला अधिक बोलकी वाटते. त्या शहराने दोनच वर्षांपूर्वी मोठं विमान कोसळल्याचा प्रत्यक्ष सराव केला होता. आणि अपघात झाला तेव्हा रुग्णालयांत पाळी बदलत होती, म्हणजे जाणारे आणि येणारे दोन्ही गट हजर होते. खडतर सराव आधी झालेला आणि ऐन वेळी माणसं भरपूर, हे दोन्ही त्या दिवशी जुळून आलं. सराव योजून केलेला होता. माणसांची संख्या मात्र नशिबाने मिळाली, आणि मला खटकतं ते हेच. ती नशिबावर का सोडायची?

नशीब उलटं पडलं की काय होतं, हे १ जुलै २००२ च्या रात्री दिसलं. जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ दोन विमानं हवेत आदळली आणि ७१ जण गेले. त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. त्या भागातली हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक एकमेकांपासून अंतरावरचे दोन पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, कारण रात्री असं चालतं हे वरिष्ठांना माहीत होतं आणि मान्य होतं. धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा देखभालीमुळे पूर्ण चालू नव्हती, मुख्य दूरध्वनीही बंद होता. टक्कर व्हायला मिनिटभरही उरलं नव्हतं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. या माणसात कणखरपणा कमी होता का? त्याच्या जागी कुणाला बसवलं असतं तर ती रात्र सुरळीत गेली असती? २००७ मध्ये स्विस न्यायालयाने हवाई नियंत्रण कंपनीच्या चार जणांना निष्काळजीपणासाठी दोषी ठरवलं. 'सहनशील माणूस निभावून नेईल' या भरवशावर आखलेली पाळी कशी असते, हे त्या खटल्यातून सगळ्यांसमोर आलं.

थकव्याबद्दल तर आता शंकेला जागा फार कमी आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सतरा तास सलग जागलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. दारू पिऊन शस्त्रक्रियेला आलेल्या डॉक्टरला आपण हाकलून देऊ; तीस तास जागलेल्याचं कौतुक करतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांत झालेल्या एका चाचणीत जुन्या, लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या.

याला सर्वांत दमदार उत्तर आहे ते शल्यचिकित्सेतून आलेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ११७ शल्यचिकित्सा प्रशिक्षण कार्यक्रमांची तुलना झाली. पाळीच्या लांबीवरची कडक बंधनं काही ठिकाणी पाळली, काही ठिकाणी शिथिल केली. रुग्णांचे मृत्यू आणि गुंतागुंत यांत फरक दिसला नाही. जुन्या पद्धतीचे समर्थक हा अभ्यास पुढे करतात, आणि त्यांना तो हक्क आहे. पाळ्या लहान केल्या की रुग्ण अधिक हातांतून जातो, प्रत्येक हस्तांतरात काहीतरी सांगायचं राहून जातं, आणि विश्रांतीचा फायदा तिथे गळून जातो, हे मी मान्य करतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. त्या अभ्यासात दोन्ही गटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा होतीच. अमर्याद राबवण्याला त्यातून पाठिंबा मिळत नाही. आणि पाळी सोपवणं हे नीट शिकवता येणारं कसब आहे. २०१४ मध्ये नऊ बालरुग्ण विभागांनी रुग्ण सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवली, सराव घेतला, लक्ष ठेवलं. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या. हस्तांतर जमत नाही म्हणून माणसाला जागं ठेवायचं, हा उपाय होऊ शकत नाही.

तासांच्या मर्यादेवरचा आणखी एक आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं आदळून ५८३ जण मेले. केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने परवानगी नसताना विमान उड्डाणासाठी सोडलं, आणि त्याच्या घाईमागे एक कारण होतं ड्यूटीच्या तासांचा कडक नियम. मर्यादा ओलांडली तर विमान तिथेच अडकणार होतं. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या नियमानेच दडपण आणलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या कॉकपिटमधला संवादही नोंदलेला आहे. समोरचं विमान अजून धावपट्टीवर नाही ना, अशी शंका फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. कंपनीच्या सर्वांत ज्येष्ठ वैमानिकांपैकी एक असलेल्या कॅप्टनने ती एका शब्दात झटकली, आणि इंजिनियर गप्प राहिला. पुढच्याच वर्षी युनायटेडचं उड्डाण १७३ चाकांच्या बिघाडाशी झगडताना इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं, पण ते कॅप्टनला ठणकावून सांगू शकले नाहीत. या अपघातांतून १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि चमूच्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली, तेच प्रशिक्षण जे दहा वर्षांनी हेन्स यांच्या कामी आलं. नियम हवा, नियमात श्वास घ्यायला जागा हवी, आणि 'थांबा' म्हणणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची हमी हवी. वरिष्ठाला थांबवणं हे धाडसाचं काम आहे, आणि हे धाडसही सरावातूनच येतं. आमच्या वेळी वरिष्ठांसमोर तोंड उघडायची टाप नव्हती, असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे दोन्ही अपघात जरूर आठवावेत.

माणसाची सहनशक्ती हा स्वभावाचा प्रश्न आहे, ही समजूत ज्या संस्थेने, म्हणजे लष्कराने, सर्वांत निर्दयपणे राबवली, तिनेही ती पुढे सोडली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही आज आपण मनोरुग्ण म्हणून ओळखू अशा अवस्थेत होते. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर विमानांच्या चमूंसाठी सेवेच्या एका टप्प्यात ३० मोहिमा असा आकडा ठरवला गेला होता. तिथेही कचरणाऱ्यावर 'मनोधैर्याचा अभाव' असा शिक्का बसायचा, पण निदान मोजमाप सुरू झालं होतं. अमेरिकी सैन्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९४६ मध्ये लिहून ठेवलं, की प्रत्यक्ष लढाईचे साधारण २०० ते २४० दिवस झाले की सामान्य पायदळ सैनिक निकामी होतो. भित्रा सैनिक नव्हे, कुठलाही सैनिक. युद्धासारख्या ठिकाणी जे मान्य झालं, ते रुग्णालयाला आणि नियंत्रण कक्षाला अजून का पटू नये?

'पण माणसं आणायची कुठून?' हा शेवटचा आणि प्रामाणिक प्रश्न. युद्ध, महापूर, साथ अशा काळात बदली मिळत नाही आणि माणसाला मर्यादेपलीकडे जावंच लागतं. तेव्हा जाणाऱ्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण आणीबाणीला सुरुवात आणि शेवट असतो. वर्षाचे बाराही महिने जी स्थिती असते तिला मनुष्यबळाची कमतरता म्हणतात, आणि ती कुणीतरी कागदावर मंजूर केलेली असते. शिवाय खडतर प्रशिक्षणाची भाषा करणाऱ्यांना इथे एक अडचण सोडवावी लागेल. हाताला लागलेलं कसब पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. चोवीस तास राबून आलेल्या माणसाला सिम्युलेटरवर बसवलं तर तो शिकत नाही, फक्त हजेरी लावतो. त्यामुळे ज्यांना खरोखर कणखर माणसं हवी आहेत, त्यांना आधी पाळ्या माणसाच्या मापाच्या कराव्या लागतील. प्रशिक्षणाचे तास ड्यूटीचे तास म्हणून मोजावे लागतील, आणि किती पदं हवीत याचा हिशेब करताना ते त्यात धरावे लागतील. विमान कंपन्यांना वैमानिकाला ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरवर पाठवावंच लागतं, त्या दिवशी तो प्रवासी वाहून नेत नाही, आणि ते वेळापत्रकात आधीपासून असतं. रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं, नियंत्रण कक्ष यांच्या पाळीच्या तक्त्यात असा रकाना दिसेपर्यंत, 'आम्ही आमच्या माणसांना तयार करतो' हा त्यांचा दावा मी मान्य करणार नाही.